हरित चहातील कॅटेचिने व दाहशमन

हरित चहातील कॅटेचिने या पॉलिफेनॉल वर्गाच्या संयुगांचा प्रतिकारपेशींवर होणारा दाहरोधक परिणाम. कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाची पाने खुडल्यानंतर लगेच वाफवतात किंवा कढईत परततात. त्यामुळे ऑक्सिडीकरण घडवणारे एंझाइम निष्क्रिय होते आणि काळ्या चहाच्या तुलनेत कॅटेचिने अधिक टिकून राहतात. त्यांपैकी एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट (ईजीसीजी) हे प्रमुख होय. १९२९ मध्ये जपानी संशोधिका मिचियो त्सुजिमुरा यांनी हरित चहातून कॅटेचिन वेगळे केले.

कार्यपद्धती : जिवाणूंच्या कवचातील लिपोपॉलिसॅकराइडाचा संपर्क होताच महाभक्षी या प्रतिकारपेशीत एनएफ-कप्पा-बी हा प्रथिनसमूह केंद्रकात शिरतो आणि दाहकारक जनुके कार्यान्वित करतो. ईजीसीजी या प्रवेशास अटकाव करते. परिणामी टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारख्या सायटोकाइनांची (पेशींमधील संदेशवाहक प्रथिनांची) निर्मिती घटते. ६७ किलोडाल्टनचा लॅमिनिन ग्राही हा ईजीसीजीचा पेशीपृष्ठावरील ग्राही असल्याचे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. उंदरांवरील प्रयोगांत ईजीसीजीमुळे दाहवर्धक टीएच-१७ पेशी कमी होऊन नियामक टी-पेशी वाढल्याचे आढळले.

मर्यादा : ईजीसीजीचे आतड्यातून शोषण अल्प होते. पेशीसंवर्धनातील प्रयोगांत वापरली जाणारी मात्रा चहा पिऊन रक्तात येणाऱ्या मात्रेपेक्षा सहसा कित्येक पटींनी जास्त असते. म्हणून प्रयोगशाळेतील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ मधील मतानुसार पूरक गोळ्यांतून दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताला अपाय संभवतो. हरित चहा हे पेय आहे. दाहजन्य विकारांवरील औषधाला तो पर्याय नाही.