निपाह साथ आणि निदानातील विलंब : मलेशियातील वराहपालन क्षेत्राचा ऐतिहासिक आढावा (१९९८-९९)

प्रस्तावना :
साथीच्या रोगांच्या इतिहासात उपचारांइतकेच महत्त्व निदानाला आहे. निदान चुकल्यास सद्हेतूने योजलेले उपायही निष्फळ ठरतात. प्रस्तुत लेखात मलेशियातील निपाह साथीच्या निदानाचा या दृष्टीने विचार केला आहे.

चुकलेले निदान :
सप्टेंबर १९९८ पासून पेराक राज्यातील इपोह परिसरात वराहपालकांमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण आढळू लागले. डुकरांमध्ये वाढणारा व डासांमार्फत माणसांत येणारा जपानी मेंदूज्वर तेथे परिचित होता. काही रुग्णांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडेही आढळली. साहजिकच शासनाने धूरफवारणी व लसीकरण हाती घेतले.

वस्तुस्थिती मात्र या निदानाशी जुळत नव्हती. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने बालकांना होतो. येथे डुकरांची हाताळणी करणारे प्रौढ पुरुष दगावत होते. लस घेतलेलेही आजारी पडत होते. डुकरांनाही मोठ्या आवाजाचा खोकला, धाप व झटके येत होते. परंतु त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अल्प असल्याने हा आजार नेहमीच्या रोगांहून वेगळा भासला नाही. दरम्यान, साथग्रस्त भागातील डुकरे दक्षिणेकडे विकली गेली आणि साथ नेगेरी सेंबिलान राज्यात पोहोचली.

विषाणूचा शोध :
मार्च १९९९ मध्ये मलाया विद्यापीठातील डॉ. चुआ काव बिंग यांनी सुंगाई निपाह गावातील रुग्णाच्या मेंदू-मज्जाद्रवातून विषाणू वेगळा केला. अमेरिकेतील तपासणीत तो पॅरामिक्सोव्हायरस कुलातील असून, ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये आढळलेल्या हेंड्रा विषाणूशी त्याचे जवळचे नाते असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर डासांऐवजी डुकरांच्या संपर्काकडे लक्ष वळले. दहा लाखांहून अधिक डुकरे मारल्यावर साथ आटोक्यात आली. तोपर्यंत मलेशियात २६५ रुग्णांपैकी १०५ मृत्युमुखी पडले होते. फळे खाणारी मोठी वटवाघळे हा विषाणूचा नैसर्गिक आश्रय असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

निष्कर्ष :
प्रतिपिंडांचा पुरावा खोटा नव्हता, अपुरा होता. कोण आजारी पडतो आणि कोण पडत नाही, हा साधा प्रश्न प्रयोगशाळेच्या अहवालाइतकाच निर्णायक होता. २०१८ मध्ये कोझिकोडे येथे एकाच कुटुंबातील दुसऱ्या रुग्णाच्या वेळीच डॉक्टरांना निपाहची शंका आली व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तिला दुजोरा दिला. मलेशियाने मोठी किंमत मोजून मिळवलेले ज्ञान येथे उपयोगी पडले. मानवी वैद्यक व पशुवैद्यक यांनी एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे, हेच या इतिहासाचे सार होय.