मूकनायक ते मोबाईल : आपले दप्तर कोणाच्या कपाटात?

प्रसारमाध्यमांचा इतिहास म्हणजे यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास, असे आपण वर्गात शिकवितो. आपल्या समाजाच्या बाजूने पाहिले तर तो नकाराचाही इतिहास आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. काय छापायचे याबरोबर काय दडपायचे हेही छापखान्याचे मालकच ठरवीत होते.

छापलेला शब्द वाचायला अक्षरओळख लागते आणि तीच आपल्याला शतकानुशतके नाकारलेली होती. म्हणून १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे विचार घेऊन गावोगाव फिरले. पुढे वामनदादा कर्डकांची गाणी कॅसेटवर आली. माझे वडील निरक्षर शेतमजूर. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत १४ एप्रिलला वाजणाऱ्या कॅसेटींतूनच त्यांना महाडचे चवदार तळे कळले. मलाही ते पाठ्यपुस्तकाच्या आधी तिथेच कळले. कॅसेट स्वस्त होती, एकीवरून दुसरी उतरवून घेता येई, आणि त्यासाठी कोणा संपादकाची परवानगी लागत नसे.

ऑनलाईन चित्रफितीचा विचार या परंपरेत केला पाहिजे. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी तिची नीट दखल घ्यावी यासाठी विदर्भातील जनतेला रस्त्यावर उतरावे लागले. घटना जगापुढे मांडण्याचे नवे साधन निघाले होते, पण ते वस्तीच्या हातात आलेले नव्हते.

११ जुलै २०१६ रोजी गुजरातेतील उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. त्याची चित्रफीत मारणाऱ्यांनीच काढली आणि पसरविली. पूर्वी चावडीपुढे सर्वांदेखत फटके देत, त्याचेच हे नवे रूप! परंतु घडले उलटेच. दहशतीसाठी काढलेली तीच चित्रफीत अत्याचाराचा पुरावा ठरली. मोर्चे निघाले, मेलेली जनावरे न उचलण्याच्या शपथा घेतल्या गेल्या. हा फरक यंत्राने केला काय? पाहणारा समाज संघटित होता, त्याच्याजवळ आंबेडकरी आत्मभान होते, म्हणून चित्राचा अर्थ बदलला.

आज 'दलित कॅमेरा'सारखे २०११ पासूनचे प्रयत्न आहेत. माझे विद्यार्थीही जयंतीची मिरवणूक आणि गायनाचे कार्यक्रम मोबाईलवर टिपून टाकतात. मात्र हे सारे साठते ते दुसऱ्याच्या कपाटात. यूट्यूब २००६ पासून गूगलच्या मालकीचे आहे. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी भारतात बंदी आली आणि खेड्यापाड्यांतील असंख्य लोकांची गाणी व अभिनय लोकांच्या नजरेआड गेले. बंदीची कारणे राजकीय होती. त्या कलावंतांना कोणी विचारले नाही.

'मूकनायक' १९२३ साली बंद पडले. पण त्याचे अंक कोणीतरी जपले, म्हणून १९९० साली महाराष्ट्र शासनाला ते ग्रंथरूपाने पुन्हा छापता आले. कागद जपणारी माणसे होती, तशी आता चित्रफिती जपणारी माणसे हवीत. प्रत्येक चित्रफितीची एक प्रत आपल्याजवळ, महाविद्यालयाच्या किंवा विहाराच्या संगणकावर ठेवावी. तिच्यासोबत गाव, तारीख आणि गाणाऱ्याचे नाव लिहावे. वाशीमच्या एका वर्गात आम्ही यंदा या कामाला सुरुवात केली आहे.