बुडालेल्या पैशातून आलेले नियम

सुरतेच्या पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंग गिरण्यांत खान्देशातून आलेले मराठी कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरातला एखादा तरुण आज मोबाइलवर डिमॅट खाते उघडतो, तेव्हा मार्जिन (सौद्यापोटीची अनामत), सेटलमेंट (सौदा पुरा करणे) या गोष्टी त्याच्यासमोर कोरड्या अटी म्हणून येतात. माझे म्हणणे असे की, या अटी पाठ करण्याआधी त्यांचा इतिहास समजून घ्यावा. बाजाराचे महत्त्वाचे नियम कुणाचे तरी पैसे बुडाल्यावरच आले आहेत, आणि त्या इतिहासाचे पहिले मोठे प्रकरण सुरत आणि खान्देश या दोघांशीही जोडलेले आहे.

मुंबईच्या पहिल्या शेअर-तेजीचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेत झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि गुजरात, खान्देश, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. त्यांपैकी बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. यातली बरीचशी खरेदी रोख नव्हती. पुढच्या तारखेचे वायदे करायचे, तोवर भाव चढेल आणि फरक खिशात पडेल, एवढाच हिशेब होता. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे द्यायला कुणाकडे काही उरले नव्हते. शेअर तारण ठेवून सढळ हाताने कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे त्यातच खचली आणि १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

यानंतर सावरले कोण, हे पाहण्यासारखे आहे. दलालांनी जुलै १८७५ मध्ये आपली संघटना उभी केली. आजचा मुंबई शेअर बाजार तिच्यातूनच वाढला. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली. त्या उठावाला वाढीव शेतसाऱ्यासारखी इतरही कारणे होती. पण कापसाच्या तेजीत सैल हाताने दिलेली आणि मंदीत आवळलेली उधारी हे त्यातले एक ठळक कारण होते. दलालांनी आपले संरक्षण दहा वर्षांत उभे केले. सामान्य गुंतवणूकदारासाठी कायद्याचे बळ असलेली नियामक संस्था सेबी मात्र १९९२ साली आली.

त्यानंतरचे नियम बाजारातल्या उणिवा एकेक करून भरत आले. खोट्या आणि चोरीच्या शेअर-प्रमाणपत्रांवर १९९६ च्या कायद्याने डिमॅटचा, म्हणजे शेअर कागदाऐवजी खात्यात ठेवण्याचा, उपाय केला. सौदा पुढे ढकलत नेण्याची बदला पद्धत २००१ च्या घोटाळ्यानंतर बंद झाली. एका मोठ्या दलाल कंपनीने ग्राहकांचेच शेअर गहाण टाकल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. पुढच्या वर्षापासून ग्राहकाने स्वतः ओटीपीने मंजुरी दिल्याशिवाय शेअर तारण जात नाहीत. जानेवारी २०२३ पासून सौदा पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. मार्जिनही आता आधी भरावे लागते. १ जुलै १८६५ ला नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

यावर कुणी म्हणेल, एवढे नियम असूनही लोक बुडतातच. खरे आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स या मुदतीच्या सौद्यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे दिसले. पण नियमांचे काम फसवणूक आणि थकबाकी रोखण्याचे आहे. चुकीच्या अंदाजाचा तोटा ते भरून देत नाहीत. ऑप्शन कायदेशीर आहे म्हणून तो नवशिक्यासाठी योग्य ठरत नाही. पूर्ण पैसे देऊन घेतलेला शेअर पडला तरी वाट पाहता येते. मुदतीच्या सौद्यात तारीख थांबत नाही. दुसरा आक्षेप असा की गिरणी कामगाराने भिशी आणि सोन्यावरच राहावे. अडीअडचणीचा पैसा बाजारात घालू नये, हे मलाही मान्य आहे. मात्र भिशी चालवणारा पळाला तर दाद मागणे कठीण, आणि नोंदणीकृत दलालाला टाळून ‘डब्यात’, म्हणजे बाजाराबाहेर बेकायदा, सौदे लावणाऱ्याला तर बाजाराच्या संरक्षणातले काहीच मिळत नाही. तो आपणहून १८६५ मध्ये परत जातो.

म्हणून नवशिक्याने तीन गोष्टी पक्क्या धराव्यात. सौदा सेबीकडे नोंदलेल्या दलालामार्फतच करावा, घेतलेला शेअर आपल्याच डिमॅट खात्यात आल्याची खात्री करावी, आणि उसन्या पैशावर किंवा केवळ भावाच्या फरकावर सौदा करू नये. खान्देशच्या कापसावर उठलेल्या तेजीची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागली, कारण त्याच्या बाजूने नियमच नव्हते. त्याच मुलखातून आलेल्या पांडेसऱ्यातल्या कामगाराच्या बाजूने ते आज आहेत. त्यांचा पुरेपूर वापर करणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो त्याने सोडू नये.