इसबाची खाज थांबत का नाही आणि ती कमी कशी करायची?

भंडारा जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी सुरू झाली की दिवसच्या दिवस हातपाय चिखलात असतात. ज्यांना आधीच इसब म्हणजे एक्झिमा आहे, त्यांची खाज या कामात हमखास वाढते. मग मेडिकलमधून एक ट्यूब येते. चार दिवस बरे वाटते, ट्यूब संपली की पुन्हा तेच!

इसब झालेल्या त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत असते. आतला ओलावा निघून जातो आणि साबण, धूळ, घाम आत शिरून दाह होतो. खाजवल्यावर क्षणभर बरे वाटते, पण त्वचा आणखी फाटते, दाह वाढतो आणि खाजही वाढते. महिनोन्‌महिने असे चालले की ती जागा जाड आणि काळपट होते. बरेच जण झोपेत खाजवतात, त्यामुळे "खाजवू नको" असे नुसते ओरडून काही होत नाही.

रोजचा खरा उपाय म्हणजे ओलावा टिकवणे. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, अंग टिपून घ्यावे आणि ते ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. महागड्या क्रीमची गरज नसते. उन्हाळ्यात जेली चिकट वाटत असेल तर दिवसा हलके क्रीम आणि रात्री जेली चालते. मोहरीचे तेल, बेसनाने घासणे, पाण्यात जंतुनाशक टाकणे हे टाळलेले बरे. शेतातून आल्यावर हातपाय स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून लगेच मलम लावावे.

खाज असह्य झाली तर थंड ओले फडके ठेवावे किंवा ती जागा तळहाताने दाबावी. नखे बारीक कापावीत. लहान मुलांना रात्री सुती मोजे हातात घालता येतात.

लालसर, दाह असलेल्या चट्ट्यांवर डॉक्टर स्टिरॉइड मलम देतात. त्याला घाबरून ते अर्धवट सोडणे चूक आणि मनाने महिनोन्‌महिने लावणे त्याहून मोठी चूक. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या ट्यूब मात्र सल्ल्याशिवाय लावू नयेत. खाज गजकर्णाची असेल तर स्टिरॉइडने तात्पुरते बरे वाटते आणि बुरशी पसरत जाते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधने आणली, ती याच गैरवापरामुळे.

शिवाय प्रत्येक खाज इसबाची नसते. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल, तर खरूज असू शकते आणि तिचे उपचार सगळ्या घराने एकाच वेळी घ्यावे लागतात. याउलट खाज नसलेला, फिकट आणि स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. पूर्व विदर्भात हा आजार अजून आहे आणि सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत मिळतात.

चट्ट्यातून पू येणे, पिवळी खपली धरणे, ताप येणे किंवा अचानक दुखऱ्या फोडांचे झुबके उठणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा, विशेषतः लहान मूल असेल तर.