श्रुतींची साक्ष

परतवाड्यास किंवा वऱ्हाडांत अन्यत्र ज्यांनीं कीर्तन ऐकलें आहे, त्यांस निरूपण व गायन यांची सांगड नवी नाहीं. परंतु मेंदूविषयींचें व्याख्यान आणि मैफल एकत्र योजावयाचीं, तर केवळ रंजनाची जोड पुरेशी नाहीं, असें आम्हांस वाटतें. याविषयीं आपल्याकडील एक जुनें प्रकरण बोधप्रद आहे.

मज्जातंतूंतील संदेशाचा वेग १८५० च्या सुमारास मोजणारे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनींच १८६३ सालीं स्वरसंवेदनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इकडे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीमखांच्या गळ्यांतील स्वर पारखून बावीस श्रुतींचीं प्रमाणें बसविलीं व १९१० सालीं तीं पुस्तकरूपानें मांडलीं. पुढें क्लेमंट्स साहेबांच्या साह्यानें श्रुतींची पेटीहि सिद्ध झाली. १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती गुणीजनांपुढें आली; परंतु पंडित भातखंडे यांनीं व गायकांनीं तिचे सूर मान्य केले नाहींत.

यांत शास्त्राची मानहानि झाली असें आम्ही मानीत नाहीं. सिद्धांत मांडणारा व तो कानानें पारखणारा एकाच सभेंत आले, हाच खरा लाभ. आजचे मेंदूचे अभ्यासक सांगतात कीं, पुढील स्वराची अपेक्षा करीतच आपण ऐकत असतों. गवई समेजवळ क्षणभर थबकला म्हणजे श्रोत्यांस हें विधान स्वतःच पडताळतां येईल. म्हणून अशा सभेंत गायनास साक्षीदाराचें आसन द्यावें. आणि साक्षीदारास विरुद्ध बोलण्याचीहि मुभा असावी.