लेस्ली क्लॉडियस : आपली जागा राखणारा खेळाडू

रिसालीत राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांचे डोळे नेहमी पश्चिमेकडे लागलेले असतात. रजा मंजूर झाली की दुर्ग स्थानकावर नागपूरकडे जाणारी गाडी धरावयाची, एवढाच आमचा या लोहमार्गाशी परिचय. त्याच मार्गाने उलट दिशेस, रायपूर ओलांडून गेले, म्हणजे बिलासपूर लागते. तेथे २५ मार्च १९२७ रोजी जन्मलेल्या लेस्ली वॉल्टर क्लॉडियस यांचे चरित्र सरकारी नोकरीत आयुष्य वेचणाऱ्या मंडळींनी अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

त्या काळी बिलासपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. ज्या बंगाल-नागपूर रेल्वेने हे गाव वाढविले, तिच्या नावातही आपले नागपूर होते. रेल्वेच्या नोकरीत अँग्लो-इंडियन समाजाचा मोठा भरणा असे. क्लॉडियस त्याच समाजातले. त्यांचे पहिले प्रेम फुटबॉलवर होते. १९४६ साली खरगपूर येथे रेल्वेच्या हॉकीपटूंचा सराव चालला असता ते बाजूस उभे राहून पाहत होते. एक गडी कमी पडला, तेव्हा १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या डिकी कार यांनी त्यांच्या हाती स्टिक दिली. दोनच वर्षांनी, १९४८ साली, हा तरुण लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघात होता. स्वतंत्र भारताचे ते पहिले सुवर्णपदक.

त्यांची जागा राईट हाफची, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडची. बिनीचे खेळाडू गोल करतात व टाळ्या घेतात. मधल्या फळीने प्रतिपक्षाची चाल आधीच ओळखून मोडावयाची आणि हाती आलेला चेंडू पुढच्यांच्या स्वाधीन करावयाचा. झालेल्या गोलाची नोंद वहीत होते. न झालेला गोल कोणामुळे झाला नाही, हे कोणतीही वही सांगत नाही. ठेंगण्या मूर्तीच्या क्लॉडियसनी ही बिननोंदीची चाकरी चार ऑलिंपिकांपर्यंत केली. १९५२ साली हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताने हॉलंडचा ६-१ असा पाडाव केला, त्यांतले पाच गोल बलबीरसिंगांचे. तो सामना बलबीरसिंगांच्या नावाने लक्षात राहावा, हे न्याय्यच आहे.

परंतु बचावाची खरी थोरवी दिसली ती १९५६ साली मेलबर्नला. पाच सामन्यांत भारताने ३८ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर मिळविलेला १-० असा विजयही रणधीरसिंग जंटल या फुल-बॅकच्या गोलाने साधला.

चार वर्षांनी रोम येथे क्लॉडियस संघनायक होते. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान, पुन्हा एकच गोल. यावेळी मात्र तो भारतावर झाला. १९२८ पासून अखंड चालत आलेली सुवर्णपदकांची मालिका ९ सप्टेंबर १९६० रोजी खंडित झाली. तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक ही त्यांची कमाई. भारतीय हॉकीपटूंपैकी चार ऑलिंपिक पदके त्यांच्याखेरीज उधमसिंगांनीच मिळविली. तरीही संघनायक म्हणून त्यांच्या नावापुढे त्या पराभवाचीच नोंद राहिली.

अशा खेळाडूचा योगक्षेम कसा चाले? उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीचा बचावपटू पेशाने खेळाडू असतो; संघाशी करार करून तो पैसा मिळवितो. कॅनडाचा बॉबी ऑर हा त्यांतला अग्रणी. बचावपटू असूनही तो दोनदा लीगच्या गुणतक्त्यात पहिला आला. परंतु गुडघे निकामी झाल्यामुळे १९७८ साली, तिशीतच, त्यास खेळ सोडावा लागला. ज्याच्यावर व्यवहार सोपविले होते, त्याच्या कारभारामुळे तेव्हा तो जवळजवळ निष्कांचन झाला होता. ऑलिंपिकला त्या काळी पेशेवर खेळाडू चालत नसत. क्लॉडियस कलकत्त्याच्या कस्टम्स खात्यात नोकरी करीत व त्याच खात्याच्या संघातून खेळत. करार नाही, दौलत नाही. महिन्याचा पगार मात्र निश्चित. या नोकरीने त्यांस श्रीमंत केले नाही, पण निराधारही होऊ दिले नाही.

स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे देश सोडून गेली. आपल्याच मध्यप्रांतातील जबलपूरचे पाच पिअर्स बंधू ऑस्ट्रेलियाकडून खेळले. क्लॉडियस यांचे मुलगेही पुढे त्या देशी स्थायिक झाले. १९७८ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अकाली वारला. एवढे होऊनही त्यांनी कलकत्ता सोडले नाही. १९७१ साली पद्मश्रीने गौरविलेला हा गृहस्थ २० डिसेंबर २०१२ रोजी त्याच शहरात निवर्तला.

त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकनिमित्त तेथील भुयारी रेल्वेचा एक खास नकाशा निघाला आणि त्यात थोर खेळाडूंची नावे स्थानकांना दिली गेली. भारतीय हॉकीतली तीन नावे त्यात होती : ध्यानचंद, रूपसिंग आणि क्लॉडियस. रेल्वेच्या गावी जन्मलेल्या मुलाचे नाव असे शेवटी रेल्वेच्या नकाशावर चढले.

आम्ही बदलीच्या हुकमाने हलणारी माणसे. कोणती जागा किती दिवस आपली, हे आमच्या हाती नसते. जितके दिवस आहे तितके दिवस ती नीट राखणे मात्र असते. पुढच्या रजेत एकदा पूर्वेकडची गाडी धरावी आणि बिलासपूरला उतरावे, असे आम्ही ठरविले आहे.