किती कापायचं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८८च्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या गावी एका इस्पितळात मी एका कागदावर सही केली. मला नुकतीच अठरा वर्षं पुरी झाली होती. कागद इंग्रजीत छापलेला होता आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून नर्सबाईंनी पेन माझ्या हातात दिलं. अब्बा आत खाटेवर बसले होते. पूर्ण शुद्धीवर होते. त्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येत होतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आमचा धंदा पिंजाऱ्याचा. गाद्या, रजया, उशा. अब्बांच्या डाव्या टाचेवर एक काळा डाग होता, तो वाढत गेला. आधी वाटलं, बाभळीचा काटा मोडून राहिलाय. मग म्हणाले, कुरूप असेल. बिब्ब्याचा चटका देऊन झाला. शेवटी त्यातून रक्त यायला लागलं, तेव्हा डॉक्टर. तुकडा तपासणीला गेला आणि डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, कातडीचा कॅन्सर आहे, मेलानोमा म्हणतात, मोठं ऑपरेशन लागेल आणि वडिलांना हे नाव सांगू नका.

टाचेचा मोठा भाग काढला, मांडीची कातडी काढून तिथे लावली, जांघेतल्या गाठीही काढल्या. अब्बा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि हृदयविकारानं गेले. पण तो पाय सुजला तो कायमचा. नमाजमध्ये अत्तहियातला बसताना डावा पाय मुडपून त्यावर बसायचं असतं. ते त्यांना पुन्हा कधी जमलं नाही. मशिदीत त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं गेलं. स्टुलावर बसून नमाज पढायला धर्माची काहीच आडकाठी नाही, पण अब्बांना ते शेवटपर्यंत लाजिरवाणं वाटत राहिलं.

मी मराठीचा विद्यार्थी, कविता लिहिणारा. वैद्यकाशी माझा संबंध एवढ्या एका सहीपुरता. पण ती सही मनातून जाईना, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. एवढं का कापलं, हा माझा साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला १९०७ सालच्या लंडनमध्ये सापडलं.

तिथल्या मिडलसेक्स इस्पितळात विल्यम सॅम्पसन हॅन्डली नावाचे सर्जन होते. मेलानोमा शरीरात फार पसरलेल्या एका रुग्णाचं शवविच्छेदन त्यांनी बारकाईनं केलं. रोग कातडीखालच्या लसवाहिन्यांतून चहूबाजूंनी सरकत जातो, असं त्यांना दिसलं. १९०७ साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी सांगितलं, की गाठीभोवतीची साधारण इंचभर कातडी काढावी, तिच्याखालची चरबी आणखी रुंद, दोन इंचांपर्यंत काढावी आणि जवळच्या लसग्रंथीही काढाव्यात. त्या काळी मेलानोमाचा रुग्ण सहसा वाचतच नसे. अशा वेळी हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. हॅन्डलींना मी खलनायक मानत नाही.

नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. एका मृतदेहावरून काढलेलं ते अनुमान पुढच्या सर्जनांच्या हातात नियम झालं आणि वाढतही गेलं. गाठीच्या चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच निरोगी कातडी काढायची, असं पाठ्यपुस्तकांतून शिकवलं जाऊ लागलं. चारी बाजूंनी दोन इंच म्हणजे बशीएवढा खड्डा. तो शिवून मिटत नाही, दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. दंडावर असेल तर दंड विद्रूप, चेहऱ्यावर असेल तर विचारूच नका. आणि हे सत्तरेक वर्षं चाललं. रोग मोठा, तर जखमही मोठी हवी, अशीच काहीशी ती समजूत होती. आपण तरी वेगळे कुठे आहोत? कडू औषधच गुणाचं, असं आपल्या घराघरात मानतातच की.

१९७० साली अमेरिकेतल्या अलेक्झांडर ब्रेस्लो या विकृतिशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट केली. मेलानोमा कातडीत किती खोल गेलाय, ते त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजलं. रुग्णाचं पुढे काय होणार हे त्या खोलीवर बरंच अवलंबून असतं, असं निघालं. मग सरसकट सगळ्यांना दोन इंच कशासाठी, हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

त्याचा निकाल लावायला इटलीतल्या मिलानचे उम्बेर्तो वेरोनेसी आणि त्यांचे सहकारी पुढे आले. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खोल न गेलेला मेलानोमा असलेले ६१२ रुग्ण त्यांनी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. निम्म्यांची एक सेंटीमीटर कातडी काढली, निम्म्यांची तीन किंवा जास्त. निकाल छापून आला तेव्हा दोन्ही गटांत माणसं जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. रोग त्याच जागी परतला असे फक्त तीन रुग्ण होते. तिघेही कमी कापलेल्या गटातले, आणि तिघांचीही गाठ एक मिलिमीटर किंवा अधिक खोल गेलेली.

हा निकाल छापला गेला ते साल होतं १९८८. मी सही केली तेच.

याचा अर्थ आमच्या डॉक्टरांनी चूक केली असा नाही. अब्बांची गाठ किती खोल होती, ते त्या रिपोर्टात नव्हतं. गाठ खोल असेल तर कमी कापणं महागात पडतं, हेही पुढे सिद्ध झालं. ब्रिटनमध्ये दोन मिलिमीटर किंवा जास्त खोल गाठीच्या ९०० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. २००४ साली आलेल्या त्याच्या निकालात एक सेंटीमीटरच्या गटात रोग आसपास जास्त वेळा परतलेला दिसला आणि २०१६च्या निकालात त्या गटात या रोगानं झालेले मृत्यूही जास्त भरले. तेव्हा ‘कमी कापा’ हा सरसकट नियम केला, तर तोही हॅन्डलींच्या दोन इंचांसारखाच होईल.

जांघेतल्या गाठींचं उत्तर यायला मात्र २०१७ उजाडलं. त्या वर्षी १९००हून अधिक रुग्णांच्या प्रयोगाचा निकाल आला. या सगळ्यांच्या पहिल्या लसग्रंथीत रोगाचा अंश सापडला होता. अर्ध्यांच्या त्या भागातल्या उरलेल्या सगळ्या ग्रंथी काढल्या, बाकीच्यांवर सोनोग्राफीनं नुसती नजर ठेवली. तीन वर्षांनंतर मेलानोमापासून वाचलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ८६ टक्के. फरक दिसला तो सुजेत. ग्रंथी काढलेल्यांपैकी २४ टक्क्यांना सूज आली, नजर ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. हे आकडे वाचताना मला मशिदीतलं ते स्टूल दिसत होतं.

पण समजा, हे सगळं ज्ञान १९८८ साली असतं, तरी अब्बांना विचारलं गेलं असतं का?

मला शंका आहे. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांची एक पाहणी झाली. त्यात सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी कॅन्सर झाल्याचं रुग्णाला न सांगणंच पसंत केलं. १९७९ साली तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगावं. अठरा वर्षांत तिकडची रीत अशी उलटीपालटी झाली. आपल्याकडे व्हरांडा अजून गेलेला नाही. कायद्यानं मात्र तो केव्हाच बंद केलाय. २००८च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एका प्रकरणाचा निकाल दिला. एका बाईला तपासणीसाठी भूल दिली होती. ती गुंगीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग तिच्या वतीनं आईची संमती चालणार नाही. हे वाचलं तेव्हा माझी सही बेकायदेशीर होती असं वाटून मी रात्रभर जागा होतो. उगाचच म्हणा. वीस वर्षं उलटून गेली होती आणि अब्बा कधीच गेले होते.

विचारलं, तर रुग्ण चुकीचं उत्तर देईल ही भीती असते आणि ती खोटी नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याला १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग निघाला. अंगठा काढायला त्यानं नकार दिला, त्याच्या श्रद्धेला ते मंजूर नव्हतं. नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीची कातडी लावली. रोग पसरला आणि ११ मे १९८१ रोजी तो गेला, छत्तिसाव्या वर्षी. अंगठा काढला असता तर वाचला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. निदान प्रश्न त्याला विचारला गेला होता.

श्रोतेहो, आपल्या देशात मेलानोमा गोऱ्या लोकांच्या मानानं फार कमी आढळतो. पण जो होतो तो बहुतेकदा तळव्यावर, टाचेवर, नखाखाली, जिथे आपण बघत नाही. दिसला तरी कुरूप म्हणून बिब्बा लावतो. नवा किंवा वाढणारा काळा डाग असेल, तर बिब्बा बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि दाखवताना ज्याचा पाय आहे त्याला खोलीत बसू द्या.

अब्बांनी मला एकदाच विचारलं, त्यांच्या शेवटच्या वर्षी. मी त्यांच्या सुजलेल्या पायाला पट्टी बांधत होतो. आमच्या घरच्या दखनीत म्हणाले, “उस कागद पो क्या लिखे थे रे?”

मी म्हटलं, ऑपरेशनचं लिहिलं होतं.

“तू पढ्या था?”

मी हो म्हटलं. खरं म्हणजे वाचला नव्हता. सहीची जागा तेवढी बघितली होती.